ताईच्या शेताचं रक्त

सगळं गाव बांधावर उभं होतं. ज्या बांधाच्या वीतभर मातीसाठी हीच माणसं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्याच बांधावर आज ती खांद्याला खांदा लावून, माना उंचावून, पुढच्याला 'जरा सरका की' म्हणत उभी होती. खाली ओल्या शेतात मातीबाबा गुडघे टेकून बसले होते. त्यांच्यापुढे एक ओलं पिवळं कापड अंथरलेलं होतं. तापकरी माणसाच्या कपाळावर घडी ठेवतात तसं त्यांनी ते अलगद जमिनीवर ठेवलं होतं आणि डोळे मिटून दोन्ही तळव्यांनी दाबत होते.

"श्वास घेतेय," बाबा म्हणाले.

गर्दीने आपला श्वास रोखला.

"कण्हतेय. तुम्हाला नाही ऐकू यायचं. तुम्ही हिच्यातून पोती भरून नेलीत, पण हिची नाडी कधी कुणी बघितली?"

आवाज चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. मला असा आवाज असता तर माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं झोपली नसती.

"हिच्या अंगावर कुणीतरी घाव घातलाय. कुणी, ते मी सांगणार नाही. मी कोण सांगणारा? मी अडाणी माणूस. मी फक्त कापड टाकतो. बोलते ती जमीन."

आणि त्यांनी कापड उचललं. पिवळ्यावर तांबडे डाग उमटले होते. ओले, गडद, कडेने पसरत चाललेले.

"रक्त!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले. एका बाईने हुंदका दिला. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली. हा ट्रॅक्टरवाला माझा जुना विद्यार्थी. बांधावरचे निम्मेअधिक तरुण माझेच विद्यार्थी होते. मी शेजारच्या बाजारगावात विज्ञान शिकवतो आणि या गावची पोरं सातवीनंतर आमच्याच शाळेत येतात.

मी गर्दीच्या मागे उभा होतो, कारण पुढे घुसायचा मला कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचाच कंटाळा आला होता. रडणारे दगड पाहिले, बोलणाऱ्या विहिरी पाहिल्या, फुंकर मारून गारपीट परतवणारा एक गृहस्थही पाहिला. त्याचं स्वतःचं छप्पर पत्र्याचं होतं आणि त्याला जागोजागी पोचे पडलेले होते. पूर्वी असं काही पाहिलं की माझं रक्त उसळायचं. हल्ली गुडघे दुखतात. पण हे शेत माझ्या ताईचं होतं, म्हणून आलो होतो.

ताई बांधाच्या टोकाला एकटी उभी होती. तिच्या आजूबाजूला दोन माणसं मावतील एवढी जागा मोकळी सुटलेली होती. बाकी सगळा बांध खचाखच भरलेला, आणि तेवढीच जागा रिकामी.

"या शेतात नांगर कोण धरतं?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. भावोजी गेल्यापासून ताईच नांगर धरते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाबांना विचारायची गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं.

"बाईचा हात," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मी तिला दोष देत नाही. बिचारीला कुणी सांगितलं नसेल. पण धरणीला सोसलं नाही. आता ही जमीन मोकळी करायला पाहिजे. मालकिणीने हिच्यात पाऊल ठेवायचं नाही. आमचे सेवक हिची सेवा करतील. महिन्याभरात हीच जमीन हसायला लागली नाही तर मला विचारा."

महिन्याभराने बाबा कुठे सापडणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"रविवारी," शेजारी उभे असलेले अध्यक्ष म्हणाले. गावाच्या पाणीवाटप संस्थेचे हे अध्यक्ष. कालव्याचं पाणी कुणाला कधी मिळणार ते तेच ठरवतात, म्हणून त्यांच्यापुढे सगळेच नरम असतात. बाबा आले तेही त्यांच्याच जीपमधून. "रविवारी वहिनींनी सगळ्यांसमोर या शेतातली मूठभर माती बाबांच्या हातात द्यायची. म्हणजे जमीन मोकळी झाली. वहिनी, गावाच्या भल्याचं आहे. आज तुमची जमीन रक्त गाळतेय, उद्या आमची गाळेल. सकाळी बाबांनी माझ्या वरच्या शेतात कापड टाकलं, ते कसं पिवळंधमक राहिलं. सगळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय, बघितलंय," बांध म्हणाला.

ताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तिचं ते शेत ओढ्याला लागून, रस्त्याच्या कडेला आहे. अध्यक्षांना तिथे गोदाम बांधायचं होतं आणि ताईने दोनदा नकार दिला होता, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण रक्त दिसलं की माणसं गोदाम विसरतात.

शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा आलो आणि ताईच्या स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा ठेवला आणि त्यात साखर घालायची विसरली. तो डागाळलेला कपडा तिच्या दाराला अडकवून ठेवायचा, असा बाबांचा आदेश होता. तिने तो अडकवला नव्हता, पण टाकूनही दिला नव्हता. पाटाखाली घडी करून ठेवला होता.

"मजूर यायचे बंद झालेत," ती म्हणाली. "शेजारची काकू काल ताक मागायला आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"ताई, तुझा विश्वास आहे का यावर?"

"नव्हता रे. पण तूच सांग, माझी जमीन बरी आहे का? सकाळी पांढरा थर येतो. बी टाकलं तर कुजतं. वाळली की फरशी, ओली झाली की चिखलाचा गोळा. आजारी आहे ना ती?"

"आजारी आहे."

"मग बाबा खोटं काय बोलले?"

हाच तर घोळ असतो. निव्वळ खोटं बोलणारा लबाड दोन दिवस टिकत नाही. टिकतो तो, ज्याच्या खोट्यात चिमूटभर खरं असतं. मी पाटाखालचा कपडा काढला, नाकाशी धरला आणि मला हसू आलं. आनंदाचं नव्हे, थकलेल्या माणसाचं.

"हळद आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हे पिवळं. हळदीच्या पाण्यात बुडवलेलं कापड आहे. चल मोरीत."

मी तिच्या जुन्या चादरीची एक पट्टी फाडली, हळदीच्या पाण्यात पिळून काढली आणि मोरीतल्या धुण्याच्या दगडावर ठेवली. त्यावर ओला साबण फिरवला. जिथे साबण लागला तिथे पट्टी तांबडी झाली. अगदी तस्साच डाग.

ताई बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! हे तर मी रोज बघते. पिवळा डाग पडला आणि साबण लावला की लाल होतो."

"तुझ्या मोरीत दिसतो तेव्हा तो डाग असतो. शेतात दिसला की रक्त."

"म्हणजे माझ्या शेतात साबण आहे?"

"साबणाचा चुलतभाऊ म्हण. खार. जमिनीत खार साचला की ती हळदीला साबणासारखंच तांबडं करते. चोपण झालीय तुझी जमीन. आणि त्याचा तुझ्या हाताशी काडीचाही संबंध नाही."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली. मोरीच्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "चार दिवस मी माझे हात बघत होते रे. या हातांनी काय केलं असेल म्हणून."

त्या वाक्याने मात्र माझं रक्त पुन्हा उसळलं. गुडघ्यांसकट.

"खार आला कुठून?" तिने विचारलं.

"चर कुठे गेला?" मी उलट विचारलं.

या गावाच्या शेतांच्या खालच्या अंगाने पूर्वी एक लांब चर होता. जास्तीचं पाणी त्यात झिरपायचं आणि ताईच्या शेतातून ओढ्याला मिळायचं. कालवा आला, पाणी मुबलक झालं, आणि गावात एक नवीन तोरा आला. शेत भिजवायचं ते 'आभाळ दिसेस्तोवर'. म्हणजे शेतात इतकं पाणी तुंबवायचं की त्यात ढग दिसले पाहिजेत. ज्याच्या शेतात आभाळ दिसत नाही तो आळशी, त्याच्या पोराला कुणी मुलगी द्यायला तयार होत नसे. मग त्या चराची अडचण वाटायला लागली. एकाने आपल्या वाटचा चर बुजवून त्या जागेत पिकाच्या दोन सऱ्या वाढवल्या. ते बघून दुसऱ्याने बुजवला. पाणी जायचं कुठे? ते जमिनीत मुरलं, खालचा खार घेऊन वर आलं, उन्हाने उडून गेलं आणि खार मागे ठेवून गेलं. सगळ्यात खाली ताईचं शेत. सगळ्या गावाचं पाणी तिच्या बोकांडी.

"पहिल्यांदा अध्यक्षांनी बुजवला," ताई म्हणाली. "मग तुझ्या भावोजींनी. मी तेव्हा काही बोलले नाही. दोन सऱ्या वाढल्या म्हणून मलाही बरंच वाटलं होतं."

रविवारी गर्दी आणखी वाढली होती. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. फुकटचा तमाशा आणि दुसऱ्याचं शेत, असा योग रोज येत नाही. बाबांनी पुन्हा कापड टाकलं, पुन्हा नाडी बघितली, पुन्हा डाग उमटले. मग त्यांनी ओंजळ पुढे केली.

"दे बाई. मूठभर माती दे आणि मोकळी हो."

ताई जागची हलली नाही. मी बांधावरून खाली उतरलो. उतरताना घसरलो, दोघांनी धरलं. अशा प्रसंगी लोक रुबाबात पुढे येतात असं ऐकून होतो.

"बाबा, एक शंका आहे," मी म्हणालो. "जमीन बोलते म्हणता, तर बाकीच्यांचीही ऐकू या. अध्यक्षांच्या शेतात परत एकदा कापड टाका. या वेळी वरच्या टोकाला नको, खालच्या बांधाला."

"मास्तर," बाबा मंद हसले, "कापड काय तुमचं गॅझेट आहे, बटण दाबलं की चालायला? ते रोज रोज बोलत नाही."

"माझं बोलतं. जरा बडबडंच आहे." मी पिशवीतून ताईच्या चादरीच्या पट्ट्या काढल्या. रात्री भिजवून ठेवलेल्या, चांगल्या पिवळ्याधमक.

बांधावर खसखस पिकली. बाबांचं हसू जरा आखडलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, ही तुमची शाळा नाही." पण तोवर ट्रॅक्टरवाल्याने एक पट्टी घेतली होती. अध्यक्षांच्या शेताचा खालचा बांध हाकेच्या अंतरावर होता. त्याने ओल्या मातीवर पट्टी टाकली, पायाने दाबली, थांबला, आणि उचलली.

तांबडी.

सगळ्यांना दिसावी म्हणून त्याने ती डोक्यावर धरली. आता मात्र बांध हलला. एकेकाने पट्टी मागितली. ज्याचं त्याचं शेत, ज्याचा त्याचा खालचा बांध. पट्ट्या पुरेनात, तेव्हा लोकांनी त्या फाडून वाटून घेतल्या. थोड्या वेळात सगळे हातात तांबडी चिंधी घेऊन परत आले. कुणाची गडद, कुणाची फिकट, पण कोरी कुणाचीच नव्हती.

बाबांनी प्रसंगावधान राखलं. दोन्ही हात वर करून गरजले, "बघा! पाप पसरलं! मी सांगत होतो, सगळी धरणी रडतेय! आता सगळ्या गावाने जमीन मोकळी केली पाहिजे!"

इथे बाबा चुकले. धंद्यातला इतका मुरलेला माणूस, पण इथे चुकलाच. ताईची जमीन मोकळी करायची होती तोवर गाव हात जोडून उभं होतं. आपली मोकळी करायची म्हटल्यावर जोडलेले हात सुटले.

"मोकळी म्हणजे?" एक म्हातारबाबा पुढे झाले. "माझी? का म्हणून? पुरावा काय?"

"हो, पुरावा दाखवा!" मागून आवाज आला.

दुसऱ्याचं शेत जात असतं तोवर श्रद्धा, आपलं जायला लागलं की पुरावा! मी मनात म्हटलं, असो. उशिरा का होईना, शब्द तर आठवला.

मग मी पुरावा दाखवला. बादलीभर पाणी मागवलं, साबणाची वडी आणि लिंबू पिशवीतच होतं. राखून ठेवलेल्या एका कोऱ्या पिवळ्या पट्टीला साबण लावला, ती तांबडी झाली. बाबांनी रक्त म्हणून दाखवलेलं कापड घेतलं, त्यावर लिंबू पिळलं. लिंबाचा रस जिथे पडला तिथे रक्त नाहीसं होऊन पुन्हा पिवळं दिसायला लागलं.

"अध्यक्षांच्या वरच्या शेतात निचरा होतो, तिथे खार नाही, म्हणून कापड पिवळं राहिलं," मी म्हणालो. "खाली पाणी तुंबतं, खार साचतो, म्हणून तांबडं झालं. बाबांना ते पक्कं माहीत आहे. म्हणूनच कापड कुठे टाकायचं ते बाबा ठरवतात, जमीन नाही."

"हळदीचा कागद!" ट्रॅक्टरवाला एकदम ओरडला. "सर, हे तर आपण आठवीत केलं होतं! साबणाने तांबडा, लिंबाने पिवळा! परीक्षेतही आलं होतं!"

"लिहिलं होतंस?"

"पैकीच्या पैकी मार्क होते सर."

ज्याने पैकीच्या पैकी मिळवले त्यानेच त्या दिवशी टोपी काढली होती. दरवर्षी मी वर्गभर हळदीचे कागद वाटतो, पोरं बोटं पिवळी करून घरी जातात, आणि मी समजतो की शिकवून झालं.

या गडबडीत बाबा अध्यक्षांच्या जीपकडे सरकले होते. "ज्याची जशी भावना," असं काहीतरी पुटपुटत ते मागच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरने गाडी काढली. जाताना कापडही न्यायचं विसरले.

लोक टाळ्या पिटायला लागले. मला खांद्यावर घेतील की काय, अशी भीती वाटली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "पण सर, मग या जमिनीचं करायचं काय?"

खरा प्रश्न तेवढा एकच होता. मी उत्तर दिलं. चर उकरा. सगळ्यांनी, आपापल्या वाटचा. वाढवलेल्या दोन सऱ्या सोडा. आभाळ दिसेस्तोवर पाणी देणं बंद करा, पिकाला लागेल तेवढंच द्या. माती तपासून घ्या, सांगतील तेवढं जिप्सम घाला, हिरवळीचं खत गाडा. तीन-चार वर्षं लागतील. कदाचित जास्त.

टाळ्या थांबल्या.

"दोन सऱ्या?" म्हातारबाबा म्हणाले.

"तीन-चार वर्षं?" दुसरा म्हणाला. "बाबा महिन्याभरात म्हणत होते."

"आधी अध्यक्षांनी उकरावा, मग आम्ही बघू."

"मीच का? सगळ्यांनी बुजवलाय," अध्यक्ष म्हणाले, आणि प्रथमच त्या दिवशी खरं बोलले.

चमत्कार बघायला जमलेली गर्दी दुपारपर्यंत पांगली नव्हती. कामाचं बोलायला लागलो तर पाच मिनिटांत निम्मा बांध रिकामा झाला. कुणाला गुरं आठवली, कुणाला पाहुणे. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. बाबा हरला होता, पण मी काही जिंकलो नव्हतो.

तेव्हा ताई बोलली.

"माझ्या शेतातूनच चराचं पाणी ओढ्याला जायचं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण जाणारे थांबले. "मी हे शेत सोडलं असतं तर इथे गोदाम झालं असतं आणि तुमच्या पाण्याची वाट कायमची बंद झाली असती. चार दिवस तुम्ही मला वाळीत टाकलंत. मनात आणलं तर मी आजही म्हणेन, नाही उकरत, बसा तुमचं आभाळ बघत." ती फावड्याकडे वळली. "पण आमच्या ह्यांनी तो बुजवला आणि मी बघत राहिले. तेव्हा आमच्या वाटचा मी उकरते. तुमचं तुम्ही बघा."

तिने फावडं उचललं आणि ओढ्याच्या बाजूने खणायला लागली. पहिल्यांदा काकू आल्या, खाली मान घालून. मग टोपी कमरेला खोचून ट्रॅक्टरवाला. संध्याकाळपर्यंत सात-आठ जण होते. बाकीचे बांधावर बसून कसं खणावं ते सांगत होते. अंधार पडायच्या आधी ताईच्या हद्दीपुरता चर ओढ्याला जाऊन मिळाला आणि तुंबलेलं गढूळ पाणी हळूहळू त्यातून निघालं. बोटभर धार होती. चमत्काराची सवय झालेल्या डोळ्यांना ती दिसलीही नसती.

या गोष्टीला आता वर्ष झालं. बराचसा चर मोकळा झालाय. अध्यक्षांच्या वाटचा अजून बुजलेलाच आहे आणि तेवढ्या भागात पाणी साचतं. ताईच्या शेतात यंदाही पीक नाही, कडेला थोडं गवत आलंय. मी शनिवारी जातो तेव्हा ती ते गवत दाखवते. मजूर येतात, काकू येतात, आणि नांगर ताईच धरते.

माझ्याकडे महिन्याभराचा इलाज नाही, त्यामुळे माझा माल कमी खपतो. तरीही हात जोडून सांगतो. जमीन शाप देत नाही आणि रक्त गाळत नाही. आपण तिच्याशी कसे वागलो, ते ती उशिराने का होईना दाखवून देते. म्हणून कुणी एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून गावाच्या दुखण्याचं कारण सांगायला लागला, तर आरोळ्या ठोकू नका. हे कशावरून, असं विचारा. आपल्या बांधाला हेच करून बघा. उत्तर गैरसोयीचं निघालं तरी घरी पळू नका, कारण खरी उत्तरं बहुतेक गैरसोयीचीच असतात आणि ती मिळाल्यावर फावडं उचलावं लागतं.